कार्ल फालेंटीनची ‘वाद्यवृंदाची तालीम’ : एका लोकनाट्याच्या चित्रपटप्रतीची परीक्षा

जुनीं दप्तरें, पोथ्या आणि शिलालेख ह्यांच्या चिकित्सेस वाहिलेल्या ह्या पृष्ठांत एका विनोदी चित्रपटाचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, हें आम्ही जाणून आहों. चित्रपट हा करमणुकीचा विषय. त्याचें गुणदोषविवेचन दैनिकांनीं व साप्ताहिकांनीं करावें, संशोधकांनीं त्यांत पडूं नये, असा एक समज रूढ आहे. तथापि ज्या चित्रपटाविषयीं आम्ही आज लिहीत आहों त्याच्या निमित्तानें जो प्रश्न उपस्थित होतो तो आमच्या वाचकांच्या नित्याच्या व्यासंगांतलाच आहे. जें वाङ्मय मुळांत वाचण्यासाठीं नव्हतेंच, जें रोज रात्रीं नटाच्या तोंडून नव्यानें जन्मास येत असे, त्याची मूळ प्रत कोणती समजावी? नटाच्या पेटींत सांपडलेला कागद, कीं यंत्रानें टिपलेली त्याची एका दिवसाची आकृति व वाणी? दोहोंपैकीं एकच साधन जपण्याचा प्रसंग संग्राहकांवर वारंवार येतो. आणि बहुधा कागद जपला जातो, दुसरें टाकून दिलें जातें. ही वहिवाट योग्य आहे काय, हें तपासून पाहण्याचा येथें विचार आहे.

सदरहू चित्रपट जर्मन भाषेंतील असून त्याचें नांव ‘ऑर्केस्टरप्रोबे’, म्हणजे ‘वाद्यवृंदाची तालीम’, असें आहे. तो १९३३ सालीं निघाला. दिग्दर्शक कार्ल लामाच. लांबी सुमारें वीस-बावीस मिनिटें. मुख्य कामें म्युनिक शहराचा प्रसिद्ध विनोदी नट कार्ल फालेंटीन व त्याची सहकारी लीझल कार्लश्टाट ह्या दोघांचीं आहेत. चित्रपटासाठीं हा विषय नव्यानें रचलेला नव्हे. त्याच्या पूर्वी अनेक वर्षें हा खेळ रंगभूमीवर चालत आलेला होता, व त्या खेळाचें मूळ त्याहूनही जुन्या अशा बिअरगृहांतील लोकनाट्यांत आहे.

नांवाविषयीं प्रथमच एक खुलासा करणें अवश्य आहे. ह्या नटाच्या आडनांवाच्या आद्याक्षराचा उच्चार पुष्कळ लोक ‘व्ह’ असा करीत. तो स्वतः मात्र ‘फ’ असाच उच्चार व्हावा असा आग्रह धरी. आम्ही त्याच्या उच्चारास अनुसरलों आहों. गोष्ट लहान खरी. परंतु लिहिलेलें अक्षर आणि बोललेला ध्वनि हीं दोन निरनिराळीं साधनें आहेत, ही जी आमच्या विवेचनाची भूमिका, तिचें बीज ह्या नांवांतच आहे.

१. परंपरा

म्युनिक ही बव्हेरिया प्रांताची राजधानी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील बिअरगृहांतून व उपनगरांतील लहानसान सभागृहांतून ‘फोल्क्सझेंगर’, म्हणजे लोकगायक, म्हणविणाऱ्या कलावंतांचा एक मोठा वर्ग उदयास आला. समोर लोक खात-पीत बसलेले. एका टोकास फळ्यांचें छोटेंसें व्यासपीठ. त्यावर दोन-तीन माणसें गाणीं म्हणत, चुटके सांगत, आणि शेवटीं एखादें एकांकी प्रहसन करीत. भाषा शहराच्या गल्लीबोळांतली, पात्रें शेजारपाजारचीं. याकोब गाइस (१८४०–१९०८) हा ह्या वर्गांतील एक अग्रणी. लोक त्यास प्रेमानें ‘पापा गाइस’ म्हणत. आपल्याकडील तमाशाच्या फडाशीं ह्या मंडळींचें साम्य सर्वस्वी जुळणारें नाहीं. परंतु बतावणींतील सोंगाड्या ज्या रीतीनें समोरच्या प्रेक्षकाचा नूर पाहून शब्द वाढवितो वा आंखडतो, ती रीत दोन्हीकडे एकच आहे.

ह्या परंपरेंत फालेंटीन वाढला. त्याचा जन्म ४ जून १८८२ रोजीं म्युनिकच्या आऊ नांवाच्या उपनगरांत झाला. खरें नांव फालेंटीन लुडविग फाय. तरुणपणीं तो सुतारकाम शिकला. पुढें सुमारें वीस वाद्यें एकाच माणसास वाजवितां यावींत असें एक प्रचंड यंत्र त्यानें स्वतः बनविलें व तें घेऊन १९०७ सालीं तो दौऱ्यावर निघाला. दौरा साफ फसला, आणि त्यानें तें यंत्र आपल्या हातांनीं मोडून टाकलें असें सांगतात. १९०८ मध्यें म्युनिकच्या ‘फ्रांकफुर्टर होफ’ ह्या गृहांत त्यास काम मिळालें व तेथून त्याचा उत्कर्ष सुरू झाला. तेथेंच १९११ च्या सुमारास एलिझाबेट वेलानो ह्या तरुण नटीची व त्याची गांठ पडली. हीच पुढील लीझल कार्लश्टाट (१८९२–१९६०). पुढें सुमारें पाव शतक ही जोडी एकत्र काम करीत राहिली.

एकट्यानें वीस वाद्यें वाजविण्याचा हट्ट धरून हरलेल्या ह्या माणसानें पुढें वीस माणसांस मिळून एक तुकडाही वाजवितां येत नाहीं अशा वाद्यवृंदाचा खेळ रचावा, हा योग ज्यास अर्थपूर्ण वाटेल त्यानें तो तसा मानावा. आम्ही केवळ नोंद करून पुढें जातों.

२. खेळाचें स्वरूप

रंगभूमीवर हा खेळ ‘टिंगलटांगल’, ‘उपनगरांतील रंगमंदिर’ अशा निरनिराळ्या नांवांनीं व कमीअधिक विस्तारानें होत असे. एका गरीब उपनगरी नाट्यगृहांतील संध्याकाळ हा त्याचा विषय. त्यांतील वाद्यवृंदाची तालीम हा गाभा. चित्रपटानें तेवढाच गाभा घेतला आहे.

कथानक असें त्यास जवळजवळ नाहींच. एक नायक, म्हणजे वादकांस ठेका देणारा सूत्रधार, आपल्या वादकांकडून एक रचना बसवून घेऊं पाहतो. हें काम पुरुषवेषांत कार्लश्टाट करते. वादकांत एक उंच, अस्थिपंजर असा फिडलवाला आहे, तो फालेंटीन. तो अवज्ञा करीत नाहीं, भांडण उकरून काढण्याचाही त्याचा हेतु नाहीं. तो फक्त प्रत्येक शब्द अक्षरशः घेतो, आणि त्यामुळें प्रत्येक वाक्याशीं तालीम थांबते.

ह्यांतील दोन प्रसंग विशेष प्रसिद्ध आहेत. फिडलवाल्याच्या चष्म्यास कांचा नाहींत. नायक त्याचें कारण विचारतो. अजिबात कांहीं नसण्यापेक्षां हें बरें, अशा आशयाचें उत्तर त्यास मिळतें. उत्तर मूर्खपणाचें आहे. पण त्याचें खंडन करूं गेल्यास पंचाईत होते, कारण चष्मा हा पाहण्यासाठीं असतो हें गृहीत धरल्याशिवाय खंडन करतां येत नाहीं, आणि नेमकें तेंच गृहीत तो मानीत नाहीं.

दुसरा प्रसंग सायकलस्वाराचा. फिडलवाला मोठ्या गंभीरपणें सांगतो कीं, आपण एका सोबत्याबरोबर काउफिंगर रस्त्यानें जात असतां सायकलस्वाराविषयीं बोलत होतों, आणि त्याच क्षणीं खरोखरच एक सायकलस्वार समोरून आला! केवढा हा योगायोग! नायकास त्यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. म्युनिकच्या ह्या गजबजलेल्या रस्त्यांत क्षणोक्षणीं सायकली जात असतात. परंतु वाद संपत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं काकतालीय न्याय म्हणून जो सांगितला आहे, त्याचीच ही म्युनिकच्या रस्त्यांतील आवृत्ति होय. कावळा बसला व फळ पडलें, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाहीं, असें न्याय सांगतो. फालेंटीन त्याच्याही मागें जातो. जेथें कावळे सदैव बसलेले व फळें सदैव पडत असलेलीं आहेत तेथेंही त्यास आश्चर्य वाटतें, आणि त्या आश्चर्यास उत्तर देतां देतां शहाणा मनुष्यच घामाघूम होतो. दोन सनावळ्यांचा मेळ बसलेला पाहून संशोधकास जो हर्ष होतो त्यांतील किती भाग ह्या जातीचा असतो, ह्याचा विचार आमच्या वाचकांनीं एकांतांत करावा.

३. साधनें

ह्या खेळाविषयीं आज तीन जातींचीं साधनें उपलब्ध आहेत.

पहिलें साधन लिखित संहितेचें. फालेंटीनच्या दप्तरांत हस्तलिखितें व टंकलिखितें पुष्कळ आहेत. एकाच विषयाचीं निरनिराळ्या काळचीं रूपें त्यांत आढळतात. प्रसंग एका खेळांतून उचलून दुसऱ्यांत घातलेले दिसतात. पोथ्यांच्या अभ्यासकास हा प्रकार पूर्ण परिचयाचा आहे. परंतु ह्या कागदांत एक उणीव आहे, व ती लेखकाच्या हलगर्जीपणाची नसून लिपीचीच आहे. म्युनिकची बोली रोमन अक्षरांत पुरती उतरत नाहीं. स्वराचें हेलकावणें, शब्द गिळण्याची रीत, दोन शब्दांमधील थांबा, ह्यांस अक्षर नाहीं. मोडी लिपींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाहीं, म्हणून मोडी पत्र लिहिणारा ते एकसारखेच उच्चारी असें कोणी म्हणत नाहीं. वाचणाऱ्यास बोली येत असते म्हणून त्याचें अडत नाहीं. ती बोली बोलणारी पिढी गेल्यावर मात्र अडतें.

दुसरें साधन प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीचें. त्यांत कुर्ट टुखोल्स्की ह्या लेखकाचा १९२४ सालचा लेख अग्रगण्य होय. बर्लिन येथें फालेंटीनचा खेळ पाहून त्यानें त्यास ‘डावीकडून विचार करणारा’ अशा अर्थाचें नांव दिलें. नाटककार ब्रेख्त ह्याची साक्ष त्याहून निकटची आहे, कारण तो नुसता प्रेक्षक नव्हता. १९२० च्या सुमारास फालेंटीनच्या मेळांत हातीं क्लॅरिनेट घेऊन उभा असलेल्या ब्रेख्तचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. अशा साक्षी मोलाच्या खऱ्या. परंतु त्यांचें मोल बखरीइतकें. पाहणाऱ्यानें काय पाहिलें ह्यापेक्षां त्याच्या मनावर काय ठसलें हें त्यांत अधिक असतें, आणि मोठ्या लेखकाच्या बाबतींत ठसा हा वस्तूहून सुबक होऊन बसतो.

तिसरें साधन प्रस्तुतचा चित्रपट.

येथें एका समकालीन गोष्टीचें स्मरण करणें अप्रस्तुत होणार नाहीं. ज्या १९३३ सालीं हा चित्रपट निघाला त्याच सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें आदिपर्व पुरें केलें, व त्यास डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनीं आपली सुप्रसिद्ध प्रस्तावना जोडली. जें काव्य शतकानुशतकें पाठकांच्या मुखांतून वाहत आलें, त्याचा व्यासांच्या लेखणींतून उतरलेला एकमेव मूळ पाठ हातीं लागेल अशी आशा धरणें व्यर्थ आहे. उपलब्ध प्रतींच्या आधारें जेथवर मागें जातां येईल तेथवर जावें, हा त्या प्रस्तावनेंतील धडा आहे. महाभारत कोणीकडे आणि बिअरगृहांतील प्रहसन कोणीकडे! विषयांच्या योग्यतेची तुलना आम्ही करीत नाहीं. तुलना पद्धतीची आहे. ज्या कृतीची प्रत्येक आवृत्ति हीच प्रत्येक वेळीं अस्सल, तिला ‘मूळ प्रत’ असूं शकत नाहीं; असतात त्या साक्षी. एवढें मान्य केल्यावर चित्रपट ही सुद्धां एक प्रत ठरते, आणि प्रत म्हटली कीं तिचे गुण, दोष, गाळलेले भाग व लेखनिकाची प्रवृत्ति हें सर्व तपासणें ओघानेंच आलें.

४. चित्रपटप्रतीचे दोष व गुण

दोष प्रथम सांगतों.

मोठा दोष हा कीं, ह्या प्रतींत प्रेक्षक नाहींत. लोकनाट्याच्या नटास थांबा कोठें घ्यावा हें हंशावरून कळतें. हंसा ओसरूं लागला कीं पुढचा शब्द टाकावयाचा. तो लवकर टाकला तर बुडतो, उशिरा टाकला तर शिळा होतो. चित्रगृहांतील हंसा मागाहून येतो, चित्रीकरणाच्या वेळीं तो नसतो. म्हणून कांहीं स्थळीं नट एका अदृश्य हंशाची वाट पाहत आहे असें दिसतें, तर कांहीं स्थळीं पुढचें वाक्य मागच्याच्या पाठीवर आदळतें. हा अभिनयांतील दोष नव्हे, प्रतींतील दोष होय. परीक्षकानें दोहोंची गल्लत करूं नये.

दुसरा दोष निवडीचा. रंगभूमीवर संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळीं डोळ्यांपुढें असतो, आणि नायक एका वादकाशीं हुज्जत घालीत असतां कोपऱ्यांतला दुसरा काय करतो हें पाहण्याची प्रेक्षकास मोकळीक असते. कॅमेरा ही मोकळीक काढून घेतो. तो ज्याच्याकडे वळला तोच उरतो. लेखनिकानें आपणांस महत्त्वाचें वाटलें तेवढें उतरून घ्यावें व बाकीचें ‘इत्यादि’ म्हणून सोडावें, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरा दोष संक्षेपाचा. उपनगरी नाट्यगृहाच्या संध्याकाळींतून तालीम तेवढी वेगळी काढल्यामुळें त्या वादकांचें दारिद्र्य, त्यांचें उसनें ऐट व त्यांची केविलवाणी धडपड ह्यांची पार्श्वभूमि पुसट झाली आहे. उरतो तो शब्दांचा विनोद. तो उत्कृष्ट आहे. परंतु त्याच्या खालीं जो ओलावा होता तो कमी झाला आहे.

आतां गुण. चित्रपट म्हणून पाहिल्यास लामाचची ही कृति सामान्यच म्हटली पाहिजे. तींत चित्रकलेची उंची नाहीं, यंत्राच्या करामती नाहींत. तुलनेसाठीं १९२३ चा ‘न्हाव्याच्या दुकानांतील रहस्यें’ हा मूक चित्रपट घ्यावा. तो एरिख एंगेल व ब्रेख्त ह्यांनीं फालेंटीनला घेऊन केला. त्यांत माणसाचें डोकें कापलें जातें व पुन्हां चिकटविलें जातें. रंगभूमीवर जें अशक्य तें सर्व यंत्राकडून करवून घेतलें आहे. कल्पकतेच्या दृष्टीनें तो पुष्कळ वरचढ. परंतु फालेंटीन रोज रात्रीं लोकांपुढें काय करी, हें त्यावरून कळावयाचें नाहीं. उलट ‘तालीम’ ह्या चित्रपटाचा दिग्दर्शक बहुतेक वेळ बाजूस उभा राहतो. हें त्याचें वैगुण्य कलेच्या दरबारांत वैगुण्यच राहो. साक्षीदार म्हणून तेंच त्याचें भूषण आहे. ज्या लेखनिकास संस्कृत कमी येतें तो पुष्कळदां अधिक विश्वसनीय ठरतो, कारण तो सुधारणा करीत बसत नाहीं, हा अनुभव पोथ्यांच्या अभ्यासकांस नवा नाहीं.

आणि जें साक्षीस येतें तें कोणत्याही कागदावर उतरलें नसतें. फालेंटीनचे लांबलचक पाय खुर्चीखालीं कोठें ठेवावे हें त्यास उमगत नाहीं. फिडल हें जणुं कोणी नुकतेंच त्याच्या हातीं दिलें असून आपण तें परत केव्हां करावयाचें ह्याचाच तो विचार करीत आहे. बोलण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्यावर जो क्षणभर अंधार पसरतो तो पाहिल्यावांचून चष्म्याचें उत्तर हा नुसता चुटका राहतो. पाहिल्यावर कळतें कीं हा मनुष्य थट्टा करीत नसून खरोखरच अडला आहे. समोर ठेंगणी, ताठ, अधिकाराच्या जाणिवेनें फुगलेली अशी कार्लश्टाटची मूर्ति. दोघांच्या उंचींतील अंतर हाच अर्धा विनोद आहे, आणि तो संहितेंत कोठेंही लिहिलेला नाहीं.

येथें एका मोहापासून सावध राहावयास हवें. चित्रपट १९३३ चा. त्याच वर्षीं ३० जानेवारीस जर्मनींत हिटलर अधिकारारूढ झाला. ज्याची आज्ञा कोणी पाळीत नाहीं अशा नायकाचें चित्र त्या वर्षीं पडद्यावर आलेलें पाहून त्यांत राजकीय उपरोध शोधण्याची इच्छा होते. परंतु खेळ त्या राजवटीहून जुना आहे. जुन्या पाठास नव्या प्रसंगाचा अर्थ चिकटविणें हा कालविपर्यास होय. राजसत्तेशीं ह्या विनोदाचें वांकडें होतें किंवा कसें, ह्यास दुसरा व भक्कम पुरावा आहे. १९३६ सालीं फालेंटीन-कार्लश्टाट ह्यांचा ‘वारसा’ हा लघुचित्रपट निघाला. एका कंगाल जोडप्यास वारशांत घरसामान मिळतें, आणि तें ठेंगू माणसांच्या मापाचें निघतें. ह्या चित्रपटावर, त्यांत दैन्याचें प्रदर्शन करण्याची प्रवृत्ति आहे ह्या कारणास्तव, बंदी घालण्यांत आली, व तो लोकांपुढें यावयास १९७६ साल उजाडावें लागलें. पुरावा हवा तर असा दस्तऐवजी हवा, काकतालीय नको.

५. कर्तृत्व कोणाचें

चित्रपटप्रत पाहिल्यावर आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. दीर्घकाळपर्यंत हे सर्व खेळ फालेंटीनच्या एकट्याच्या नांवावर सांगितले जात. कार्लश्टाट ही त्याच्या हाताखालची नटी, अशी समजूत होती. खेळ बसविण्यांत, शब्द ठरविण्यांत व ते लिहून ठेवण्यांत तिचा मोठा वांटा होता, हें आतां अभ्यासक मान्य करतात. चित्रपट लक्षपूर्वक पाहणारास ह्याचा पडताळा मिळतो. फालेंटीन जेव्हां शब्द लांबवितो तेव्हां त्याचा तोल सांभाळणारी ती आहे. त्याचें निरर्थक विधान टिकून राहतें तें तिच्या सार्थ प्रश्नावर. नायकाच्या भूमिकेंत ती वाद्यवृंदास ठेका देण्याचा आव आणते व तो कोणी पाळीत नाहीं; परंतु खेळास मात्र तिचाच ठेका आहे. आपल्या रंगभूमीवर पुरुषांनीं स्त्रीभूमिका अमर केल्या. येथें एका स्त्रीनें पुरुषवेषांत अर्धा खेळ तोलून धरला, आणि मुखपृष्ठावर तिचें नांव येण्यास मात्र विलंब लागला. ज्या पोथीच्या शेवटीं लेखनिकाचें नांव असतें व रचयित्याचें नसतें, किंवा ह्याच्या उलट, अशा पोथ्यांचा निवाडा करणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

६. संग्राहकाचें दप्तर

फालेंटीन हा स्वतः आपल्याच पंथाचा होता, हें सांगितल्यास वाचकांस आनंद होईल. जुन्या म्युनिक शहराचीं छायाचित्रें जमविण्याचा त्यास नाद होता. पाडल्या गेलेल्या गल्ल्या, वेशी व घरें त्याच्या संग्रहांत टिकून राहिलीं. इतकें असून संग्राहकांची थट्टा त्याच्याइतकी कोणी केली नसेल. १९३४ सालीं त्यानें म्युनिकमध्यें स्वतःचें एक अजबखाना उघडलें. त्यांतील वस्तूंत हिंवाळ्यांत वापरण्यासाठीं केस लावलेली दांतकोरणी होती, आणि एका भांड्यांत पाणी ठेवून तें वितळलेलें हिमशिल्प म्हणून दाखविलें होतें. ज्यांच्या कपाटांत ‘अमक्याच्या तरवारीची मूठ असावी’ अशा चिठ्ठ्या लावलेले लोखंडाचे तुकडे आहेत त्यांनीं हंसावें, व मग चिठ्ठ्या पुन्हां एकदां वाचाव्या. हा व्यवहार तोट्याचा ठरला व त्यांत कार्लश्टाटची शिल्लकही बुडाली, ही त्या थट्टेची दुःखद बाजू.

युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, ९ फेब्रुवारी १९४८ रोजीं, फालेंटीन मरण पावला. त्याच्या पश्चात् त्याचें दप्तर विक्रीस निघालें. ज्या शहराच्या बोलीस त्यानें रूप दिलें, ज्याचीं जुनीं चित्रें त्यानें वेचून ठेविलीं, त्या म्युनिकनें तें घेतलें नाहीं. १९५३ सालीं कोलोन येथील नाट्यशास्त्राचे प्राध्यापक कार्ल नीसेन ह्यांनीं तें सात हजार मार्कांस विकत घेतलें, आणि तेव्हांपासून तें कोलोनजवळील वान येथील वाड्यांतल्या नाट्यसंग्रहांत आहे. पुढें म्युनिकास उपरति झाली. १९५९ सालीं इझार वेशीच्या बुरुजांत फालेंटीनचें संग्रहालय उघडलें. तेथें एक खिळा दाखवितात. सुतारीचा धंदा त्यानें ह्याच खिळ्यास टांगून ठेविला, असें सांगतात. खिळा म्युनिकांत आणि हस्तलिखितें कोलोनांत, अशी ही वांटणी आहे. संस्थांनीं हें वाक्य आपल्या कार्यालयांत लावून ठेवावें असें आम्हांस वाटतें.

सुदैवानें संपादनाच्या कामीं योग्य मार्ग स्वीकारला गेला. म्युनिकच्या पीपर प्रकाशनानें १९९१ ते १९९७ ह्या काळांत फालेंटीनचें समग्र वाङ्मय आठ खंडांत काढलें. त्यांतील आठवा खंड चित्रपट व योजिलेले चित्रपट ह्यांस दिलेला आहे. चित्रपट हा परिशिष्टांत टाकण्याचा विषय नसून संहितेचाच एक भाग आहे, हें तत्त्व त्या योजनेनें मान्य केलें. आमचें म्हणणें ह्याहून निराळें नाहीं.

७. आपणांस बोध

आतां स्वतःच्या घराकडे वळूं. १८ मे १९१२ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दादासाहेब तोरणे ह्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविण्यांत आला. तो रामराव कीर्तिकर ह्यांच्या नाटकाच्या प्रयोगाचें चित्रण असल्यामुळें त्यास आपला पहिला कथाचित्रपट म्हणावें किंवा नाहीं ह्याविषयीं पुष्कळ शाई खर्च झाली आहे. वाद पहिलेपणाचा, परंतु मराठी रंगभूमीवर त्या काळीं नट कसे उभे राहत, हात कसे टाकीत, ह्याची जी एकमेव जिवंत प्रत त्यांत होती ती नाहींशी झाली, ह्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. ज्यास आपण ‘नुसतें नाटकाचें चित्रण’ म्हणून हिणवितों तेंच इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाचें होतें. पुढें १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, व पुष्कळ जुन्या चित्रपटांस आसरा मिळाला. तरी जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच लागलेल्या आगींत नायट्रेटच्या फितींवरील जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला. कागदास वाळवी, फितीस अग्नि. शत्रु निराळे, हानि एकच.

तमाशांतील वगांच्या वह्या आज कोणी कोणी जमवितात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु वगाच्या वहींत पुष्कळदां कथेचा सांगाडा तेवढा असतो. सोंगाड्याचें बोलणें वहींत नसतें, कारण तें त्यास पाठ नसे, सुचत असे. ज्यांच्याजवळ अशा खेळांच्या ध्वनिमुद्रिका, फिती किंवा खाजगी चित्रणें पडून आहेत त्यांनीं तीं वहीच्या बरोबरीचीं साधनें समजून जपावींत. प्रत्येकावर प्रयोगाचें स्थळ, दिवस, फडाचें नांव आणि मुख्य नटाबरोबर उभ्या असलेल्या दुसऱ्या नटाचेंही नांव लिहून ठेवावें. एक प्रयोग हा सर्व प्रयोगांचा प्रतिनिधि असें न मानतां ती एक प्रत आहे अशी नोंद करावी. वही व फीत ह्यांची फाटाफूट होऊं देऊं नये; एकीवांचून दुसरी लंगडी पडते.

‘वाद्यवृंदाची तालीम’ ह्या चित्रपटाविषयीं आमचा निर्णय थोडक्यांत असा: चित्रकृति म्हणून मध्यम, अभिनय म्हणून उत्तम, लोकनाट्याची प्रत म्हणून, वर सांगितलेले तीन दोष ध्यानांत ठेवून वापरल्यास, अमोल. चित्रपटाच्या अखेरीपर्यंत ती तालीम कांहीं पुरी होत नाहीं. संहितेच्या अभ्यासकास ह्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. त्याचें स्वतःचें कामही ह्याच जातीचें आहे. ज्या वाचकांजवळ मराठी लोकनाट्याचीं अशा प्रकारचीं चित्रणें असतील त्यांनीं त्यांची यादी मंडळाकडे पाठविल्यास ती ह्या त्रैमासिकांतून आनंदानें प्रसिद्ध करूं.